कमी चाललेली स्पोर्ट्स कार: पळवायची की झाकून ठेवायची?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत असते बघा ज्याच्याकडे आठ-दहा वर्षांची, जेमतेम ९-१० हजार किमी चाललेली स्पोर्ट्स कार असते त्याची. चालवली तर आकडा वाढतो आणि जीव खालीवर होतो, नाही चालवली तर ईएमआय भरून घेतलेली गाडी बेसमेंटमध्ये कव्हरखाली, आणि आपण रोज लिफ्टमधून उतरून दुसऱ्याच गाडीने ऑफिसला. बरं, सल्ला देणाऱ्यांची दोनच टोकं. एक म्हणतो गाडी चालवायलाच असते यार, दुसरा म्हणतो वेडा आहेस का, दहा वर्षांनी सोनं होईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहातल्या नऊ जणांनी गाडी चालवावी, वर्षाला दोन-तीन हजार किमी, पाऊस सोडून. पण तुमची गाडी कदाचित दहावी असेल, म्हणून ते कसं ओळखायचं आणि दोन्ही बाजूंनी नेमकं काय काय करावं लागतं ते क्रमाने लिहितोय.

पायरी १: गाडी कुठल्या खात्यातली ते आधी ठरवा

सगळा घोळ इथेच होतो, कारण आपण परदेशातल्या लिलावाच्या बातम्या वाचतो आणि तो हिशोब आपल्या एमएच पासिंगच्या गाडीला लावतो.

दोन उदाहरणं घ्या, दोन्ही मॅक्लरेन एफ१ या ब्रिटिश सुपरकारची. २०२१ मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात १९९५ ची एक एफ१ विकली गेली, ओडोमीटरवर ४०० किमीसुद्धा नाहीत, किंमत आली २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर. वाचलं की वाटतं, बघा, झाकून ठेवली म्हणून मिळाले. आता दुसरी. आपला मिस्टर बीन, म्हणजे रोवन अॅटकिन्सन, त्याने १९९७ मध्ये ५ लाख ४० हजार पौंडाला एफ१ घेतली, ती दाबून चालवली, ६५ हजार किमीच्या वर, दोनदा ठोकली, २०११ च्या अपघातानंतर इन्शुरन्सवाल्यांना दुरुस्तीचं बिल आलं ९ लाख १० हजार पौंड, आणि तरीही २०१५ मध्ये ती साधारण ८० लाख पौंडाला गेली. म्हणजे झाकली तरी फायदा, ठोकली तरी फायदा! कारण जगात त्या गाड्या बनल्याच एकूण १०६. पैसा दुर्मिळपणाला मिळाला, कमी किमी हा वरचा बोनस.

आपल्याकडे साधारण तीन खाती पडतात. पहिलं खरोखर दुर्मिळ, म्हणजे लिमिटेड एडिशन सुपरकार वगैरे, ज्यांच्याकडे त्या आहेत ते हा लेख वाचत नसणार, त्यांची माणसं वाचत असतील. दुसरं खातं म्हणजे मोजक्या आलेल्या, शौकिनांच्या गाड्या. भारतात फोक्सवॅगन पोलो जीटीआय २०१६ मध्ये आली ती ९९ च, तीन दरवाजांची, १.८ लिटर, १९२ पीएस ताकदीची. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आली २०२० मध्ये, २०० च. कागदावर या हॅचबॅक आणि सेडान, स्पोर्ट्स कार म्हटलं की काही लोक नाक मुरडतात, पण वेडं गिऱ्हाईक यांनाच मिळतं आणि तो किमी बघतो, सर्व्हिस हिस्ट्री बघतो, कंपनीचा ओरिजिनल एक्झॉस्ट आहे का तेही विचारतो. तिसरं खातं उरलेल्या सगळ्यांचं, बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर आणि केमन. गाड्या सुंदर आहेत पण त्यांची किंमत मुख्यतः वयाने पडते. दहा वर्षांच्या दोन सारख्या गाड्यांत १० हजारवाली आणि ३० हजारवाली यात फरक मिळतो, नाही असं नाही, पण तो वीस हजार किमीची मजा विकत घेण्याइतका क्वचितच असतो.

तिसऱ्या खात्यातही अपवाद आहेत. मॅन्युअल गिअरबॉक्स, टर्बो नसलेलं इंजिन, शेवटचं मॉडेल, असं दोन-तीन गोष्टींचं कॉम्बिनेशन असेल तर थोडं दमाने घ्या.

पायरी २: कागदावर हिशोब मांडा, मनातल्या मनात नको

समजा गाडी आज ४५ लाखाला जाते. ते पैसे साडेसहा टक्क्याच्या एफडीत टाकले तर दहा वर्षांत साधारण ८४ लाख होतात. म्हणजे झाकून ठेवलेली गाडी २०३५-३६ मध्ये ८४ लाखाला विकली गेली तर तुम्ही फक्त बरोबरीत सुटलात, तेही इन्शुरन्स, बॅटऱ्या, टायर, वर्षाची सर्व्हिस आणि पार्किंगचे पैसे न धरता. व्याजावर टॅक्स लागतो हे मान्य, तो वजा करा हवा तर, तरी आकडा काही ४५ वर येत नाही.

आता चालवण्याचा खर्च बघा. वर्षाला ३,००० किमी, आठचं अॅव्हरेज, म्हणजे ३७५ लिटर पेट्रोल, १०४ रुपयाने धरलं तर ३९ हजार. टायर-ब्रेक पॅडची झीज धरून दुप्पट करा. तरी एकट्या व्याजाचा पहिल्या वर्षाचा आकडा २ लाख ९२ हजार आहे! गाडी *ठेवणं* महाग आहे, चालवणं त्यामानाने किरकोळ. हे एकदा डोक्यात शिरलं की अर्धी चिंता तिथेच मिटते. आणि गुंतवणूक म्हणूनच ठेवायची असेल तर गाडी विका आणि पैसे फंडात टाका. हौस म्हणून ठेवायची असेल तर हौसेला मोल नाही, पण मग ती हौस करा तरी, कव्हरकडे बघून कसली हौस होते?

पायरी ३: आरटीओ आणि इन्शुरन्स, कंटाळवाणं पण इथेच माती खातात लोक

परदेशातली ‘जपून ठेवा’ची कल्पना आपल्याकडे कायद्यातच अडकते. खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची, मग तपासणी करून दर ५ वर्षांनी रिन्यू. इम्पोर्टेड चारचाकीची रिन्यूअल फी २०२२ पासून ४० हजार झाली आणि २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड गाडीला ८० हजार. इथे बनलेल्या कारला हेच आकडे ५ हजार आणि १० हजार. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणजे सीबीयू (परदेशातून पूर्ण बनून) आलेली टू-सीटर वीस-पंचवीस वर्षं जपायची तर हा खर्च पायरी २ च्या हिशोबात घाला.

‘व्हिंटेज करून टाकू’ म्हणणारे खूप भेटतात. व्हिंटेजला ५० वर्षं लागतात, २०२१ च्या नियमात तसं स्पष्ट आहे. २०१५ ची गाडी २०६५ मध्ये पात्र होईल, आणि तेव्हाही ती रोज वापरता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. नातवाला सांगून ठेवा.

इन्शुरन्समध्ये महत्त्वाचं हे की आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देते ती, गाडीच्या वयाने ठरते, ओडोमीटर कोणी बघत नाही. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा, मग ती २ हजार किमी चाललेली असो की दोन लाख. पाच वर्षांनंतर मात्र आयडीव्ही तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवायची असते, आणि इथे बहुतेक जण एजंटने भरलेला आकडा डोळे झाकून मान्य करतात, प्रीमियम हजार-दोन हजाराने कमी दिसतो म्हणून खूश होतात आणि गाडी पाण्यात गेली की कपाळाला हात. व्हॅल्युएशन रिपोर्ट, सर्व्हिस रेकॉर्ड, फोटो जोडून आकडा वाढवून मागा, लेखी मागा. गाडी कमी चालत असेल तर किमीप्रमाणे प्रीमियम कमी करणारं अॅड-ऑनही २०२२ पासून मिळतं, ते विचारून घ्या. आणि एक, गाडी उभी आहे म्हणून इन्शुरन्स लॅप्स करू नका, बेसमेंटमध्ये पाणी शिरतं ते गाडी उभी असतानाच.

पायरी ४: गाडीची आजची तब्येत

निर्णय घेण्याआधी एकदा लिफ्टवर चढवून बघा. कमी किमी म्हणजे गाडी नवी असं नसतं. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी घडीवरच चिरते, तसंच रबराचं, न वापरता वय होतं.

टायरपासून सुरुवात करा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की संशयाने बघा, दहा झाली की नक्षी नवी कोरी असली तरी टायर काढून टाका. अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, नोव्हेंबर २०१३, ती पोर्शे करेरा जीटी होती, तपासात मुख्य कारण अतिवेग निघालं, पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते हेही त्यात नोंदवलं गेलं. समृद्धी महामार्गावर १२० ची लिमिट आहे, एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट तापलेलं असतं, तिथे नऊ वर्षांच्या टायरवर तासभर सलग पळवणं म्हणजे सरळ विषाची परीक्षा.

मग ब्रेक ऑइल. हे हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालो न चालो. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाट उतरताना पॅडल नरम पडलं की मग हे समजून काही उपयोग नसतो. दर दोन वर्षांनी बदला, विषय संपला. इंजिन ऑइल वर्षाला एकदा, ८०० किमी चालली असली तरी. सर्व्हिस अॅडव्हायजर म्हणेल सर अजून चांगलंय, त्याला हो म्हणा आणि बदलून घ्या.

टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर वर्षं मोजायची, किमी नाही. फेरारी ३५५ चे बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून न चाललेली स्वस्तातली फेरारी ही जगातली सगळ्यात महाग गाडी असते असं गमतीत म्हणतात. जुनी पोर्शे बॉक्स्टर किंवा ९११ बघत असाल, साधारण १९९७ ते २००८ मधली, तर आयएमएस बेअरिंगबद्दल विचाराच. इंजिनच्या आतल्या शाफ्टचं हे बेअरिंग गेलं की इंजिन गेलं, आणि गंमत अशी की त्यावर काम करणारे जाणकार मेकॅनिक सांगतात, जास्त उभ्या राहिलेल्या आणि छोट्या फेऱ्या मारलेल्या गाड्यांनाच हा त्रास जास्त, हायवेला पळालेल्यांना कमी.

पायरी ५: चालवायची ठरली तर

महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी किमान २५-३० किमी. खाली जाऊन पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि नव्वद टक्के लोक नेमकं हेच करतात. थंड इंजिनमध्ये पेट्रोल जास्त जातं, एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं, ते वाफ व्हायच्या आत तुम्ही बंद केलेलं असतं. बॅटरीसुद्धा नीट चार्ज होत नाही. आणि काटा नॉर्मलला आला म्हणजे इंजिन तापलं असंही नाही, तो काटा कूलंटचा, ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. तोवर ३ हजार आरपीएमच्या आत ठेवा, मग मोकळं सोडा, आणि मोकळं सोडाच, ही इंजिनं त्यासाठी बनली आहेत.

कुठे न्यायची? पुण्याहून ताम्हिणी, शनिवारी नको, मंगळवारी पहाटे साडेपाचला. मुंबईकरांना एक्स्प्रेसवे सोयीचा पण तिथे मजा काही नाही, लिमिट १०० ची, घाटात त्याहून कमी, आणि कॅमेरे पावलोपावली, चलन घरी येतं. नाशिक-छत्रपती संभाजीनगरवाल्यांना समृद्धी आहेच. मात्र सरळ रस्त्यावर झोप येते, ही गाडी वळणांसाठी असते. रस्ता आदल्या आठवड्यात साध्या गाडीने बघून या, नवीन स्पीड ब्रेकर आपल्याकडे रात्रीत उगवतात आणि त्यावर पट्टा मारायला कोणाला वेळ नसतो. मोठा ब्रेकर असेल तर गाडी तिरकी काढा, एकेक चाक चढवत. मागचा हॉर्न वाजवणार, वाजवू दे.

सोसायटीच्या रॅम्पवर पुढच्या बंपरचा ओठ घासतो त्याला इलाज म्हणजे खाली चिकटवायची रबर स्ट्रिप, हजार-दोन हजारात काम होतं. बोनेट आणि पुढच्या बंपरला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून घ्या, खडी उडाल्याचे टवके हेच चाललेल्या गाडीची किंमत पाडतात, किमी नाही. प्रत्येक बिल, प्रत्येक सर्व्हिसचा कागद फाइलमध्ये ठेवा. ३० हजार किमी आणि जाड फाइल, ही गाडी ८ हजार किमी आणि ‘सर रेकॉर्ड हरवलं’ पेक्षा लवकर विकली जाते, कारण मीटर मागे फिरवणारे आपल्याकडे कमी नाहीत आणि गिऱ्हाईकही आता शहाणं झालंय.

पेट्रोलबद्दल एवढंच की पंपांवर आता ई-२० असतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते ओलावा धरतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्याला धरून बनलेल्या, त्याआधीच्या गाडीचं मॅन्युअल तपासा. टाकीत तेच पेट्रोल सहा-सहा महिने ठेवू नका, दोन-तीन महिन्यांत संपवून नवं भरा. चालवण्याच्या बाजूने हा अजून एक मुद्दा समजा.

पायरी ६: जपायचीच असेल तर

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात एक कोरी करकरीत प्लायमाउथ बेल्व्हेडिअर जमिनीखाली काँक्रीटच्या पेटीत पुरली होती, ५० वर्षांनी काढायची म्हणून, सोबत पेट्रोलचे डबेसुद्धा ठेवले, पुढे पेट्रोल मिळेल न मिळेल! २००७ मध्ये वाजतगाजत काढली तर पेटीत पाणी शिरलेलं, गाडीचा गंजून सांगाडा झालेला. किमी मात्र शून्याच्या जवळ.

आपला शत्रूही तोच, पाणी. मुंबई-ठाणे-कोकण-गोवा पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की बंद गाडीत स्टिअरिंगच्या लेदरवर पांढरी बुरशी दोन-तीन आठवड्यांत दिसते. पुणे-नाशिक त्यामानाने बरं. ठाण्यातल्या ओळखीतल्या एकाची बॉक्स्टर सलग दोन पावसाळे पोडियम पार्किंगला प्लास्टिकच्या कव्हरखाली होती. काढायला गेलो तर सीटबेल्टवर बुरशी, मागची डिस्क पॅडला चिकटलेली, आणि बॅटरी मेलेली, ती पुढच्या डिकीत, आणि त्या डिकीचं लॉक बॅटरीवर चालणारं! शेवटी ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूज बॉक्समध्ये एक ओढून काढायचं लाल टर्मिनल असतं त्याला दुसऱ्या गाडीचा करंट देऊन डिकी उघडली. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं हे, मॅन्युअल कोण वाचतो.

तर काय करायचं. गाडी वरच्या मजल्यावर, बेसमेंट नको. धुवून पूर्ण सुकवा, म्हणजे धुतल्यावर वीस किमी फिरवून आणा, ब्रेकमधलं पाणी जातं. ऑइल ठेवण्याआधी बदला, नंतर नाही, वापरलेल्या ऑइलमधलं अॅसिड आतच बसतं. टाकी काठोकाठ भरा, मोकळ्या जागेतली हवाच ओलावा आणते. हवा टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त, साइडवॉलवरच्या कमाल आकड्याच्या आत, आणि महिन्यातून एकदा गाडी अर्धा फूट पुढेमागे, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. हँडब्रेक लावायचा नाही, चाकांना लाकडी गुटके. कव्हर कापडाचं, हवा खेळणारं.

बॅटरीला मेंटेनर (प्लगला लावून बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, हे ऐच्छिक नाही. आजच्या गाड्या बंद असतानाही अलार्म-लॉकसाठी करंट खातात, ५० मिलिअॅम्पिअर धरला तर महिन्याला ३६ एएच (अॅम्पिअर-अवर), म्हणजे ७० च्या बॅटरीचा निम्मा जीव एका महिन्यात. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर सेक्रेटरीकडे सब-मीटरसाठी अर्ज करा, ईव्हीवाल्यांना मिळतो तसा तुम्हालाही मिळायला हरकत नसावी, भांडावं लागेल थोडं.

आणि उंदीर. लेखात कोणी लिहीत नाही पण पावसात खरं नुकसान हेच करतात. एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरिंग कुरतडतात, आणि इम्पोर्टेड गाडीचं हार्नेस (वायरिंगचा पूर्ण जुडगा) म्हणजे महिन्यांची वाट आणि लाखांत बिल. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, स्प्रे, सगळं थोडं थोडं चालतं. मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे दर चार-पाच दिवसांनी बोनेट उघडून ठेवणं, गाडीभोवती सापळे लावणं आणि गाडीत बिस्किटाचा कणसुद्धा न ठेवणं. वॉचमनला दिवाळीला दोन पैसे जास्त द्या, तो खरा क्युरेटर.

केबिनमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या, महिन्याने बदलायच्या. बंद गॅरेज असेल तर डिह्युमिडिफायर, ५०-५५ टक्के आर्द्रता पुरे, त्याहून कोरडं केलं तर लेदर आणि रबर तडकतं.

हे सगळं वाचून दमलात ना? मग चालवा. जपणं हे कामच आहे, दर आठवड्याचं, आणि ते होणार नसेल तर उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते.

पायरी ७: पावसाळ्यानंतर पहिली फेरी

दसऱ्याला पूजा करायचीच आहे, त्याच्या आदल्या रविवारी गाडी काढा. स्टार्ट करण्याआधी खाली वाकून जमीन बघा, कुठे थेंब पडलेत का, कुठल्या रंगाचे. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, आत कोणी राहतंय का. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी. मग स्टार्ट, आणि लगेच रेस नाही, मिनिटभर आयडल. एसी दहा मिनिटं चालवा, कॉम्प्रेसरच्या सीलना त्यानेच तेल मिळतं. मॅन्युअल गाडीत क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट गंजून चिकटलेली असू शकते, जबरदस्ती करू नका, मेकॅनिक बोलवा.

पहिल्या काही ब्रेकला खर्रखर्र आवाज येणार, डिस्कवरचा वरवरचा गंज तो, सात-आठ हलके ब्रेक मारले की जातो. गेला नाही किंवा पॅडल थरथरलं तर डिस्क बघून घ्यावी लागेल. स्टिअरिंगमध्ये सुरुवातीला कंप जाणवला तर तो चपट्या टायरचा, वीस-पंचवीस किमीत टायर तापून गोल झाले की बहुतेक वेळा जातो, नाही गेला तर टायर बदलायचे. टायरमध्ये जास्तीची भरलेली हवा मात्र निघायच्या आधी घरीच, टायर थंड असताना कमी करा. पळवून आल्यावर पंपावर मोजलेला आकडा फुगलेला असतो, त्यावरून हवा काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेले सापडतील.